सपाट रस्त्यावरचा घाट

पुण्याहून नोकरीसाठी चेन्नईत आलेल्या सायकलवाल्याची पहिल्या रविवारची तक्रार ठरलेली असते: इथं चढच नाही. कात्रज, खंबाटकी, सिंहगड ज्याच्या मांड्यांत मुरलेत त्याला समुद्राकाठची ही सडक पोरखेळ वाटते. माझंही तेच झालं होतं. डिसेंबरची पहाट होती. तिरुवान्मियूरहून निघालो आणि मामल्लपुरमपर्यंतचे साधारण ४५ किलोमीटर असा गेलो की माझ्याच पायांचा मला अभिमान वाटायला लागला. परत फिरलो आणि तासाभरात मान खाली, वेग सतरा-अठरा आणि पिंढऱ्यांत गोळे. रस्ता तोच, तितकाच सपाट. बदलली होती ती फक्त वाऱ्याची बाजू. जाताना त्यानं पाठीवर हात ठेवून ढकललं होतं, आता तोच छातीवर हात देऊन उभा होता.

चेन्नईत हौसेनं सायकल चालवायची तर आधी हा वारा समजून घ्यावा लागतो. बाकीचं सामान नंतर घेतलं तरी चालतं.

सपाट डांबरावर सायकल पुढं जाताना तिला दोन गोष्टी अडवतात: टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण आणि हवा. ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास दोन्हींचा जोर साधारण सारखा असतो. पण वेग वाढला तरी टायरचं घर्षण जवळपास तेवढंच राहतं, हवेचा अडथळा मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. इथला वेग म्हणजे हवेच्या तुलनेतला वेग. वारा पडलेला असताना २५ च्या वेगानं जाणाऱ्याला २५ ची हवा लागते. समोरून दहाचा वारा असेल आणि वेग तोच राखायचा असेल तर ३५ ची लागते. पस्तीसला पंचविसानं भागून वर्ग केला की १.९६ येतात, म्हणजे हवा ढकलायची मेहनत जवळजवळ दुप्पट.

घाटवाल्याला हे घाटाच्या भाषेत सांगितलं तर पटकन पटतं. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर त्या दहाच्या वाऱ्यानं वाढवलेला जोर साधारण दीड टक्क्याच्या चढाइतका होतो. दीड टक्का म्हणजे शंभर मीटरला दीड मीटर. हसू येईल असा चढ. पण तो ४५ किलोमीटर चालू राहिला, तर साडेसहाशे-सातशे मीटरची चढाई झाली. पायथ्यापासून सिंहगडाचा डांबरी रस्ता चढून जावं, त्याच्या जवळपासची ही मेहनत. वारा वीसचा झाला की चढ तीन टक्क्यांच्या पुढं सरकतो. शिवाय सिंहगडावर पोचल्यावर पिठलं-भाकरी असते आणि मग उतार असतो. वाऱ्याच्या घाटाला माथा नाही.

‘जाताना जे गमावलं ते येताना परत मिळेल’ हा हिशोबही फसवा आहे. वारा नसताना २५ च्या सरासरीनं ९० किलोमीटरला ३ तास ३६ मिनिटं लागतात. जाताना पाठवाऱ्यानं ३० आणि येताना समोरच्या वाऱ्यानं २० पडले, तर सरासरी पंचवीसच वाटते. पण जायला दीड तास आणि यायला सव्वादोन, मिळून पावणेचार तास होतात. नऊ मिनिटं वाऱ्यानं खाल्ली. कारण साधं आहे: विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो.

आता हा वारा येतो कुठून? ‘ईशान्येचा वारा’ म्हणजे ईशान्येकडून येणारा. मोबाइलवरचा बाण बघून नवखे लोक नेमकं उलटं धरून बसतात. ईसीआर, म्हणजे ईस्ट कोस्ट रोड, ढोबळमानानं उत्तर-दक्षिण धावतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत वारा ईशान्येकडचा असतो, म्हणून दक्षिणेकडं जाणं फुकटात आणि परत येणं व्याजासकट. मार्च ते मे महिन्यांत दिवस चढला की समुद्रावरून दक्षिण-आग्नेयेचा वारा सुटतो. त्या दिवसांत परतीला तो मदतीला येतो, पण डोक्यावर ऊन इतकं असतं की कुणी आभार मानत नाही. जून ते ऑगस्टमध्ये आपल्याकडं कोकणात धो-धो कोसळणारा मोसमी वारा इथं जमिनीवरून, पश्चिमेकडून, कोरडा होऊन येतो. तो जोरात असला की समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत किनाऱ्यावर पाऊलच ठेवू शकत नाही.

त्या समुद्रवाऱ्याचं यंत्र रोजचं आहे. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापतं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत शिरते. रात्री हेच चक्र उलटं फिरतं. या दोन पाळ्यांच्या मध्ये, पहाटे, वारा जवळपास पडलेला असतो. चेन्नईचे सायकलवाले साडेचारला घराबाहेर पडतात ते उन्हाच्या धाकानं, हे खरंच आहे. पण त्या वेळच्या थिजलेल्या हवेसाठीही पडतात.

म्हणून इथं आधी घरी परतायची वेळ ठरवायची आणि मागं मोजत यायचं. मे महिन्यात नऊच्या आत दाराशी पोचायचं आहे, पावणेचार तास सायकल आणि पाऊण तास इडली-कॉफी. म्हणजे साडेचारला निघायलाच हवं. एवढं जमणार नसेल तर मामल्लपुरमचा हट्ट सोडावा आणि वाटेतल्या मुट्टुकाडुवरून परत फिरावं. हवामानाच्या ॲपमधला वाऱ्याचा आकडा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो, हेही ध्यानात ठेवावं. सायकलस्वाराच्या उंचीवर, घरांच्या आणि झाडांच्या आडोशाला, तो बराच कमी होतो. उघड्यावर आलं की मात्र आकड्याचा अर्थ कळतो.

ही सडक तशी आडोसा आणि उघडं यांची मालिकाच आहे. तिरुवान्मियूर, नीलांकरै, इंजंबाक्कम, म्हणजे के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनी १९६६ मध्ये वसवलेलं चोलमंडल हे कलाग्राम जिथं आहे तो भाग, सगळी दाट वस्ती आहे. वारा जाणवत नाही, पण गल्लीतून तोंड काढणाऱ्या गाड्या, बसथांबे आणि भटकी कुत्री यांच्याकडं लक्ष ठेवावं लागतं. उत्तंडीचा टोलनाका ओलांडला की घरं विरळ होतात. मग मुट्टुकाडु: डाव्या हाताला समुद्राकडं उघडणारं खाडीचं तोंड, उजव्या हाताला बॅकवॉटर आणि मधून जाणारा पूल. या अख्ख्या वाटेवरचा चढ म्हणण्यासारखा चढ एवढाच. पण तो दमवतो ते बाजूनं बसणाऱ्या वाऱ्यामुळं. झाडांच्या आडून पुलावर आलं की सायकल हातभर सरकते. नवख्यानं पुलाच्या आधीच हँडल सैल पण दोन्ही हातांनी धरावं. बाटली काढायची ही जागा नाही.

पुढं दक्षिणचित्र, कोवळम, मग १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी उभं केलेलं वडनेम्मेलीचं मगर-पैदास केंद्र, म्हणजे क्रोकोडाइल बँक. सायकलवाल्यांच्या बोलण्यात हे सगळे मैलाचे दगड झालेत. ‘क्रोक बँकेपर्यंत दम होता’ असं वाक्य ऐकू आलं तर समजायचं, तीसेक किलोमीटरवर गडी आटोपला. तिथून पुढं रस्त्याकडेला सुरूची बनं आहेत. कोकणातल्या माणसाला ती ओळखीची वाटतात, आणि वारा मोजायला त्यांच्यासारखं यंत्र नाही. नुसते शेंडे हलत असतील तर चिंता नको. सबंध झाड एका बाजूला झुकून सुंऽसुं करायला लागलं की परतीचा बेत बदलावा. कोकणचा किनारा मात्र यापेक्षा वेगळा. तिथं सह्याद्रीचे फाटे समुद्रापर्यंत उतरत असल्यानं दर खाडीला उतार आणि चढ येतात. रस्ता आडवा-तिडवा वळत वाऱ्याला फसवत राहतो. इथं डोंगर दूर राहिलेत आणि किनाऱ्यालगत वाळूची सपाटी आहे.

वाऱ्याशी एकट्यानं झगडण्यापेक्षा माणसं जमवणं बरं. समोरच्याच्या चाकामागं हातभर अंतर ठेवून चालवलं की त्यानं फाडलेल्या हवेच्या पोकळीत आपण जातो आणि मेहनत वीस ते तीस टक्क्यांनी सहज कमी होते. पुढचा दोन-तीन मिनिटं ओढतो, मग कोपर हलवून खूण करतो, बाजूला होऊन हळूहळू शेपटाला येतो. पुढं आल्यावर जोर दाखवायला वेग वाढवणारा गडी ग्रुपमध्ये कुणाला आवडत नाही. वेग तोच ठेवायचा, कष्ट फक्त वाटून घ्यायचे. खड्डा दिसला की बोटानं दाखवायचा, उभी गाडी आली की हात पाठीमागं नेऊन कुठल्या बाजूनं जायचं ते सांगायचं. मागच्याला समोरचं काही दिसत नसतं.

वारा बाजूचा असला की हे गणित तिरकं होतं. आडोसा मागं न राहता समोरच्याच्या दुसऱ्या अंगाला सरकतो. आपण डावीकडून चालवतो आणि दक्षिणेकडं जाताना समुद्रही डावीकडं असतो. समुद्रवारा डावीकडून आला तर आडोसा उजवीकडं, म्हणजे थेट गाड्यांच्या वाटेत पडतो. शर्यतीत रस्ता बंद असतो म्हणून तिथं तिरकी रांग करता येते. रविवारी सकाळी ऐंशी-शंभरच्या वेगानं मोटारी सुटलेल्या असताना ईसीआरवर तो मोह करू नये. एकामागं एक राहावं आणि वारा सोसावा. परतीला समुद्र उजवीकडं येतो, आडोसा डाव्या कडेला येतो, आणि त्या कडेवर वाऱ्यानं आणलेली वाळू पसरलेली असते. तिच्यावर ब्रेक दाबला की चाक सटकतं. पांढरा पुढचा दिवा आणि लाल मागचा दिवा उजाडल्यावरही चालू ठेवतात ते याच मोटारींमुळं.

एकट्यानं वाऱ्यात सापडलात तर दोन गोष्टी करता येतात. हवा अडवतं ते मुख्यतः आपलं शरीर, सायकल थोडीच. म्हणून कोपरं वाकवून, छाती खाली आणून बसावं. आणि गिअर हलका करावा. घाटात जड गिअर उभ्यानं रेटण्याची सवय असलेला पुणेकर इथंही तेच करतो. एक तर उभं राहिल्यानं तो वाऱ्याला आणखी अंग देतो, आणि गुडघे दुखतात ते वेगळंच. मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे पडतील असा गिअर लावून स्पीडोमीटरकडं बघायचं सोडून द्यावं.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘वाइल्ड अटलांटिक वे’ नावाची सुमारे २,५०० किलोमीटरची वाट आहे. तिथं नैऋत्येचे वारे जास्त वाहतात म्हणून सायकलवाले ती दक्षिणेकडून उत्तरेकडं करतात. एकाच दिशेनं जायचं असेल तर ही चैन परवडते. जाऊन घरीच परतायचं असेल तर नियम उलटा: शक्य तेव्हा आधी वाऱ्याविरुद्ध निघावं, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी येतो. डिसेंबरात तो नियम पाळायचा तर ईसीआर सोडून शहराच्या उत्तरेकडं, पळवेर्काडच्या म्हणजे पुलिकतच्या बाजूला जावं लागेल. तिकडं जाताना बंदराचे कंटेनर ट्रक लागतात. मी तरी दक्षिणेचंच व्याज भरतो.

घामाचं शास्त्र मात्र घाटवाल्यांना इथं नव्यानं शिकावं लागतं. घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, तो उडाला म्हणजे होतं. दमट हवेत तो उडत नाही, नुसता गळतो. शरीर आणखी घाम काढत राहतं. निघण्याआधी आणि परतल्यावर वजन करावं. एक किलो घटलं म्हणजे जेवढं पाणी प्यालो त्याच्यावर आणखी एक लिटर गेलं. तासाला लिटरभर घाम इथं नवल नाही. तेवढ्या घामाबरोबर मीठही जातं, त्यामुळं नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं गरगरतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. वाटेत शहाळं, ताक, एप्रिल-मेमध्ये ताडगोळे मिळतात. मामल्लपुरमला दोन इडल्या आणि कॉफी पुरे. तुपानं निथळणारा पोंगल समोर आला तरी परतीआधी हात आवरावा, नाहीतर कोवळमपर्यंत डोळे मिटायला लागतात.

सायकलीची काळजी पुण्यापेक्षा जास्त घ्यावी लागते. खारी हवा आणि वाळू मिळून चेन खातात. दर राईडनंतर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, थेंब-थेंब तेल. कडेच्या वेड्या बाभळीचे काटे टायरात शिरतात, तेव्हा दोन ट्यूब आणि पंप खिशात असलेले बरे. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये.

एवढं अंगवळणी पडलं की लांबचे बेत सुचतात. ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सशी जोडलेले गट देशभर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राईड, भरवतात: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. नंबर कुणालाच नाही, वेळेत पोचलं की झालं. मराठी माणसाच्या डोक्यात मात्र बहुधा वेगळंच ठिकाण असतं. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि पुढं राजाराम महाराजांनी वर्षानुवर्षं लढवलेला जिंजीचा किल्ला चेन्नईहून तिंडिवनममार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या अकरा किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्यानंतर निदान आमच्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांनी तरी कॅलेंडरवर खुणा केल्या. तिथवर गेल्यावर अखेर डोंगर दिसतात, किल्ल्यातल्या राजगिरी टेकडीचे प्रचंड धोंडे अंगावर येतात, पण तिथं सायकल खालीच लावून पायऱ्या चढाव्या लागतात. जाऊन-येऊन अंतर तीनशेच्या घरात, म्हणजे ब्रेव्हेच्या हिशोबानं वीस तास. जाताना, थंडीचे दिवस असतील तर, ईशान्येचा वारा पाठीशी असतो. परत फिरल्यावर तिंडिवनमला दिवे लागतात, आणि तिथून शंभरावर किलोमीटर उरलेले असतात, नाकासमोर.