प्रवासातील लेखनाची थैली

प्रवासास निघताना आपण शिदोरी बांधतो, छत्री घेतो, पैसे दोनदा मोजतो. मात्र लेखनसाहित्याची आठवण क्वचितच होते. या हयगयीची किंमत आम्ही जोयडा तालुक्यातील नंदिगड्डे येथे मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका आषाढात आम्ही तेथील एका वृद्ध कुणबी आजींच्या ओसरीवर बसलो होतो. या तालुक्यातील कुणबी बांधवांची कंदांची लागवड ख्यातनाम आहे. कणगी, करांदे, कोनफळ असे करीत आजी एकेक कंद, त्याची लावणी व शिजविण्याची रीत सांगत गेल्या आणि आम्ही फाउंटनपेनने टिपत गेलो. परतताना पावसाने गाठले. खिशातील वही भिजली, शाई पसरली, पानांवर निळे डाग तेवढे उरले. दिवाळीनंतर पुन्हा गेलो. आजींनी पुष्कळ नावे आनंदाने परत सांगितली. परंतु एका ठिकाणी त्या अडल्या. "फादर, त्या एकाचे नाव काही केल्या तोंडात येत नाही हो," त्या म्हणाल्या. तो कंद त्यांच्या आईच्या पश्चात कोणी लावला नव्हता. नाव आम्हांसही आठवेना.

विष्णुभट गोडसे वरसईकर १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि 'माझा प्रवास' त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर स्मरणातून लिहिला; तो १९०७ साली छापून आला. तसे स्मरण सर्वांस लाभत नाही. आपणांस थैलीच बरी.

पूर्वी प्रवासात दौत सांडण्याचे भय असे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी, म्हणजे पुढील कॅम्लिनच्या संस्थापकांनी, 'हॉर्स' छापाची शाईची भुकटी व गोळ्या काढल्या. गोळी पाण्यात विरघळविली की शाई तयार! आज तीही यातायात उरलेली नाही.

आमची थैली जुन्या छत्रीच्या कापडाची आहे. तीत दोन शिसपेन्सिली असतात, कारण ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. सोबत टोकयंत्र, रबर व एक बॉलपेन. वही तळहाताएवढी, दोऱ्याने शिवलेली. केवळ डिंकाने चिकटविलेली पाने दमट हवेत सुटू लागतात. चार पोस्टकार्डे पत्ते घालून ठेवावीत. तिकिटे मेणकागदात गुंडाळावीत, नाहीतर पावसाळ्यात ती एकमेकांस चिकटून बसतात. हे सर्व प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग थैलीत ठेवावे. फाउंटनपेन न्यावयाचेच असेल तर टोपण घट्ट लावून निब वर ठेवावी. याहून अधिक काही भरू नये. जड थैली घरीच राहते.

कोणी म्हणेल, आता मोबाईल आहे. आहे खरा, परंतु अरण्यातील मुक्कामी त्याची वीज संपली की तो मुका होतो. पेन्सिलीस चाकू पुरतो.

थैलीइतकीच शिस्तही हवी. पानाच्या माथ्यावर दिनांक, गाव व सांगणाऱ्याचे नाव लिहावे. उठण्यापूर्वी टिपलेले त्यांना वाचून दाखवावे. चूक तेथेच दुरुस्त होते. राहिलेले त्याच रात्री पुरे करावे.

आपली मुले शिक्षणासाठी परगावी निघतात, तेव्हा आयांनी उरल्या कापडाची अशी एक थैली अवश्य शिवून द्यावी. सुट्टीत मुले घरी आली की पहिले पान आजीआजोबांजवळ बसून लिहावे. आमच्या वहीत त्या एका कंदापुढील जागा अजून कोरी आहे.