मोटारीची रेषा

नांदेड असो वा लातूर, ज्या बाजारपेठांत एके काळी दुकानांच्या पाट्या रंगविण्याचे काम नावापुढे ‘पेंटर’ अशी उपाधी लावणाऱ्या चार-दोन माणसांकडे असे, तेथे आता फ्लेक्सची आणि रेडियम कटिंगची दुकाने थाटली गेली आहेत. आणि ब्रश, रंगाचे डबे व शिडी यांची जागा संगणक, छपाईयंत्र व प्लॉटर यांनी घेतली असली, तरी गिऱ्हाइकाची मागणी मूळचीच राहिली आहे. आपली गाडी पाटीवर हुबेहूब दिसावी, एवढेच त्याचे म्हणणे असते. मोबाइलमधील छायाचित्र पुढे करून ‘हीच काढा’ असे फर्मावणाऱ्यास असे वाटते, की चित्र तर तयारच आहे, ते फक्त मोठे करावयाचे. हा समज किती अपुरा आहे, हे हे काम शेजारी बसून पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही.

नांदेडच्या वजिराबाद भागातील एका दुकानात मी ते तसे पाहिले. लातूरच्या एका गॅरेजसाठी पिवळ्या पाटीवर काळी अ‍ॅम्बेसेडर हवी होती, आणि त्या गाडीचे मोबाइलवर घेतलेले छायाचित्र ऑपरेटरच्या पडद्यावर उघडलेले होते. छायाचित्र म्हणजे लक्षावधी रंगीत ठिपक्यांची मांडणी. त्यातला कोणताही ठिपका आपण चाकाचा आहोत की सावलीचा, हे जाणत नाही. प्लॉटर नावाच्या यंत्राला मात्र ठिपक्यांशी कर्तव्य नसते. त्याच्या पात्याला रेडियमच्या चिकट पत्र्यावर कोठून निघावयाचे, कोठे वळावयाचे आणि कोठे पोहोचावयाचे, एवढीच आज्ञा समजते. म्हणून ठिपक्यांच्या त्या राशीतून गाडीची रेषा शोधून काढणे आणि ती गणिताच्या भाषेत यंत्राच्या स्वाधीन करणे हे मधले काम कोणाला तरी करावे लागते. व्हेक्टर चित्र म्हणतात ते हेच. एकदा ते तयार झाले, की व्हिजिटिंग कार्डावर छापा किंवा दहा फुटी पाटीवर लावा, रेषेची धार तसूभरही बोथट होत नाही.

संगणकात हे काम आपोआप करून देणारी सोयही आहे. एक कळ दाबली, की छायाचित्राचे रंगानुसार तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याभोवती रेषा फिरते. माझ्या आग्रहावरून ऑपरेटरने तो प्रयोग करून दाखविला. लांबून पाहता अ‍ॅम्बेसेडर उमटली होती खरी; परंतु पडदा जवळ ओढताच दिसले, की दारावर पडलेले लिंबाच्या फांदीचे प्रतिबिंब, काचेतून दिसणारा पलीकडचा विजेचा खांब आणि मडगार्डावरचा धुळीचा पट्टा या सर्वांना यंत्राने गाडीइतकाच मान दिला होता, आणि जेथे खरोखर दार संपून मडगार्ड सुरू होत होते, तेथे दोन्हीकडचा काळा रंग सारखाच असल्यामुळे रेषा मुळीच नव्हती. नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, हजारांनी पडले होते. “सर, ट्रेस मारला की नोडच नोड होतात, पातं दर नोडला अडखळतं आणि कड खरबरीत निघते. नोड जितके कमी, तितकी गाडी साफ,” असे म्हणून त्याने ते सारे पुसून टाकले आणि छायाचित्र फिके करून त्याच्यावर पहिला बिंदू ठेवला.

निजामी अमलापासून या मुलखाला परिचित असलेला मोजणीदार ज्याप्रमाणे बांधावरच्या प्रत्येक ढेकळाची नोंद न करता, हद्द जेथे खरोखर वळते तेथेच दगड रोवतो, त्याप्रमाणे हा कारागीर वक्ररेषेच्या सर्वांत उंच, सर्वांत खालच्या आणि सर्वांत बाहेरच्या ठिकाणीच नोड ठेवीत होता. प्रत्येक नोडमधून दोन दांड्या निघतात. त्या ओढल्या, की मधली रेषा त्या दिशेला झुकते. अ‍ॅम्बेसेडरचे टप हे तसे एकच लांब वळण. पण त्याचा माथा बरोबर मध्यावर नसतो, आणि तो मध्यावर धरला तर गाडी कोणत्याही बनावटीची वाटू लागते. पुढचा नोड थोडा मागे सरकवून आणि मागची दांडी जराशी लांबवून त्याने ते वळण जेव्हा जुळविले, तेव्हा चाके आणि दिवे अद्याप काढावयाचे असतानाही गाडी ओळखू येऊ लागली.

चाकांची गोष्ट याहून नाजूक. समोरून तिरकस घेतलेल्या छायाचित्रात चाक वर्तुळ राहत नाही, ते लंबवर्तुळ होते, आणि पुढचे व मागचे चाक सारख्याच प्रमाणात चपटे होत नाही. नवशिका माणूस छायाचित्रावरून हाताने चाक गिरवितो आणि ते पंक्चर झालेले दिसते. जाणकार आधी शुद्ध वर्तुळ काढतो, त्यातच चाकाची टोपी आणि आतली वलये बसवितो, आणि मग ते सगळे मिळून दाबतो व तिरपे करतो. त्यामुळे आतले आणि बाहेरचे वळण एकमेकांशी इमान राखते.

या वक्ररेषांना बेझियर वक्र म्हणतात, आणि त्यांचा जन्मच मोटारीच्या कारखान्यात झाला, ही गोष्ट आमच्याकडे रोज त्या वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मोटारीच्या पत्र्याचे वळण पूर्वी लाकडी साच्यांवर आणि मातीच्या प्रतिकृतींवर ठरविले जाई, आणि एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाताना त्यात फरक पडे. ते वळण अंकांत बांधून यंत्राला देता आले पाहिजे, या गरजेतून 1959 साली फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने एक रीत शोधली, परंतु कंपनीने ती गुपित ठेवली. पुढे 1960 च्या दशकात रेनोचे अभियंते पिएर बेझियर यांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग काढून प्रसिद्ध केला, म्हणून नाव त्यांचे राहिले. चार बिंदू घ्यावेत, पहिल्या आणि चौथ्याला रेषेने स्पर्श करावा व मधल्या दोघांनी तिला नुसते आपल्याकडे ओढावे, एवढेच त्याचे मर्म. कोरल वा इलस्ट्रेटर या चित्रे काढण्याच्या संगणक-प्रणालींत दांडी ओढणारा हात नकळत हेच गणित सोडवीत असतो. इतकेच नव्हे, तर त्याच पाटीवर ‘गॅरेज’ हा शब्द ज्या फाँटात बसतो, त्याच्या गकाराचा वळसाही याच जातीचा असतो.

अ‍ॅम्बेसेडर मात्र या गणिताच्या आधीची. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून तिचा घाट घेतला गेला, आणि हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 2014 पर्यंत ती बनत राहिली. साच्यांनी घडविलेल्या त्या फुगीर बॉनेटला आणि त्याच्या दोहो बाजूंस निराळ्या उठून दिसणाऱ्या मडगार्डांना आता बेझियरच्या चार बिंदूंत बसविणे म्हणजे एका पिढीच्या हातकामाचे दुसऱ्या पिढीच्या गणितात भाषांतर करणे होय.

आकार ठरले, की प्रश्न उरतो रंगांचा, आणि खरी कसोटी येथेच लागते. रेडियममध्ये रंगांच्या छटा एकमेकींत विरघळत नाहीत. प्रत्येक रंगाचा पत्रा निराळा कापून चिकटवावा लागतो. या कामात काळा, गडद करडा, फिका करडा आणि पांढरा एवढेच चार रंग घ्यावयाचे ठरले होते. काळ्या चकचकीत गाडीच्या छायाचित्रात गाडीचा स्वतःचा रंग फारच थोडा असतो. वरच्या भागात आकाश, खालच्या भागात जमीन आणि मध्ये आसपासची घरे उमटलेली असतात. यांतले काय ठेवावयाचे? ऑपरेटरने घरे, फांदी आणि खांब यांना रजा दिली. आकाश ठेवले, कारण बॉनेट फुगीर आहे हे त्या पांढऱ्या पट्टीवाचून कळत नाही. बंपरच्या क्रोमसाठी तर त्याने करड्या छटांची माळ लावलीच नाही. वर पांढरा, मध्ये क्षितिजाची एक तीव्र काळी रेघ आणि तिच्याखाली करडा, एवढ्यावर धातू लखलखू लागला. ती रेघ जरा पुसट केली असती, तर बंपर रबराचा वाटला असता.

मग पाते चालले. दोन मिलिमीटरहून बारीक पट्ट्या सोलताना उचलून येतात, म्हणून ग्रिलच्या रेघा थोड्या जाड केल्या गेल्या, आणि उन्हाने पत्रा आकसला तरी पाटीचा पिवळा रंग फटीतून डोकावू नये, म्हणून खालचा थर वरच्या थराच्या कडेखाली किंचित सरकविला गेला. नको असलेला भाग चिमट्याने सोलून, उरलेला चिकट कागदावर उचलून, थरावर थर बसविण्यात आले. आणि लोहा-अहमदपूरच्या रस्त्याने ती पाटी लातुरास रवाना झाली.

हे सारे पाहिल्यावर दोन गोष्टी सांगणे मला अगत्याचे वाटते. ज्यांना आपल्या गाडीचे चित्र काढून घ्यावयाचे असेल, त्यांनी छायाचित्र अगदी जवळून घेऊ नये, कारण मोबाइलच्या रुंद भिंगाने गाडीचे नाक फुगते. दहा-पंधरा पावले मागे सरून, मोबाइल बॉनेटच्या उंचीवर धरून, झूम करून, सकाळच्या उजेडात ते घ्यावे. दुसरी गोष्ट पैशांची. आमच्याकडे पाटीचा हिशेब चौरस फुटावर होतो, आणि ‘डिझाइन’ त्यात फुकट धरले जाते. म्हणजे फ्लेक्सच्या कापडाला व शाईला दाम मिळतो, आणि काय टाकावे व काय राखावे हे ठरविणाऱ्या नजरेला मिळत नाही. असे आहे तोवर कळ दाबून गाडी उरकणारा आणि नोड मोजून गाडी घडविणारा यांची मजुरी सारखीच राहील, आणि दुसऱ्याला पहिल्यासारखे व्हावे असे वाटू लागेल. तेव्हा पुढच्या खेपेस पाटी करावयास टाकाल, तेव्हा बिलात चित्राची रक्कम निराळी लिहावयास सांगा, आणि ती घासाघीस न करता द्या.