सोमवारी तीन ते पाच : महापालिकेची फाईल आपणही पाहू शकतो

सक्करदऱ्यात वस्तीची बैठक बसली की एक प्रश्न हमखास निघतो : दलित वस्ती सुधारचा पैसा आला म्हणतात, मग गेला कुठे? उत्तर फाईलीत असते आणि ती फाईल पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे.

माहिती अधिकार कायदा, 2005 नुसार कामाची व कागदपत्रांची पाहणी करणे, टिपणे घेणे हाही आपला हक्क आहे. पुणे महापालिकेने 2009 मध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांसाठी अभिलेख खुले केले. 26 नोव्हेंबर 2018 रोजी, म्हणजे संविधान दिनी, राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांना हीच पद्धत लागू केली. सोमवारी सुट्टी असल्यास पुढचा कामकाजाचा दिवस.

तिथे काय पाहायचे? रस्त्याचे काम असेल तर चार कागद : अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. ती टिपून घ्या आणि वस्तीत येऊन टेप लावा. फरक निघाला तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा, प्रमाणित प्रत घ्या. तक्रारीला तोच पुरावा.

महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे बाबासाहेबांनी 30 मे 1949 रोजी संविधान सभेत सांगितले होते. पण तो अधिकारी आपल्या गल्लीतला रस्ता मोजायला येणार नाही. ते काम आपले. येत्या सोमवारी दोघे-चौघे मिळून जाऊ या.