कवडसा चुकवणारे विमान

लोककथांत माणसाला अदृश्य करणारे अंजन असते. एच. जी. वेल्सच्या १८९७ च्या कादंबरीत शास्त्रज्ञाचा प्रयोग असतो. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानमालिकेत तर शत्रूचे अख्खे अवकाशयानच दिसेनासे होते. १९९६ ते १९९९ या काळात एका विमानाची ३८ गुप्त उड्डाणे झाली आणि बोइंग कंपनीने २००२ साली ते जगाला दाखवले. त्याला उभी शेपटी नव्हती आणि पंखांची टोके खाली झुकलेली होती. 'स्टार ट्रेक'मधील क्लिंगॉन यानाशी असलेल्या साम्यावरून त्याचे नाव पडले 'बर्ड ऑफ प्रे', म्हणजे शिकारी पक्षी.

मग अभियंत्यांनी पडद्यावरचे चित्र पाहून विमान घडवले काय? मुळीच नाही. त्याचे कारण आपल्या लहानपणीच्या खेळात सापडते.

उन्हात घासलेला तांब्या ठेवा. कोठूनही पाहिले तरी त्यावर एक तिरीप चमकतेच. आरशाचा सपाट तुकडा मात्र कवडसा एकाच दिशेला टाकतो. तुम्ही त्या दिशेला नसाल, तर तो तुमच्या डोळ्यांवर येणार नाही. रडार हा असाच एक डोळा. तो रेडिओ लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींवरून विमान ओळखतो. गोलसर विमान म्हणजे तांब्या. तेच सपाट, तिरक्या पैलूंचे केले, तर लहरी भलतीकडे जातात.

परंतु कडांवरूनही लहरी विखुरतात. त्यांचे गणित प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ साली उघडपणे प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत त्याचे भाषांतर झाले आणि लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्याचे मोल ओळखून संगणकासाठी आज्ञावली तयार केली. त्या वेळच्या संगणकाला वक्र पृष्ठभागांचा हिशोब झेपत नव्हता, म्हणून विमान हिऱ्यासारखे पैलूदार झाले. भविष्यातले वाटणारे ते रूप खरे तर त्या काळच्या मर्यादेतून आले होते!

'हॅव्ह ब्लू' हे प्रायोगिक विमान १९७७ च्या डिसेंबरात उडाले. आकार इतका अस्थिर, की संगणकाच्या मदतीवाचून ते हवेत सावरणे अशक्य. दोन्ही नमुने अपघातात गेले, वैमानिक वाचले. त्यातूनच पुढे 'एफ-११७' जन्माला आले. पुढे संगणक सुधारले आणि वक्र आकारही हिशोबात आले.

कथेतली अदृश्यता पूर्ण असते; ही मात्र अपुरी. १९९९ च्या मार्चमध्ये सर्बियात एक 'एफ-११७' क्षेपणास्त्राने पाडलेच. अवकाशयानासारखा दिसणारा 'बर्ड ऑफ प्रे'देखील वेगाने साध्या प्रवासी जेटच्या मागेच होता.

साम्य आहे ते रूपाचे, जन्मकथा वेगळ्या. कथालेखकाला हवा होता चमत्कार, अभियंत्याने सांभाळला कवडशाचा कोन. आणि या साऱ्या गुप्ततेचे मूळ होते कोणालाही वाचता येईल अशा छापील पानांत. ती पाने अनेकांच्या हाती आली असतील. ती नीट वाचणारा मात्र एखादाच निघाला.