रूळ सर्वांचे – लेखांक ५ : शेवटची तारीख कशाला होती?

रेल्वेचा जमाखर्च कसा मांडतात, ते गेल्या लेखांकात पाहिलं. शंभर रुपये कमावण्यासाठी रेल्वे किती रुपये खर्च करते, त्या आकड्याला ऑपरेटिंग रेशो म्हणतात, हेही तिथे आलं. आज तो आकडा सोबत घेऊन भुसावळहून खंडव्याच्या रुळावर निघू या. दुसखेडा, सावदा, निंभोरा आणि मग रावेर. देशाची सार्वजनिक सेवा आर्थिक संकटात सापडली की तिच्यात घाईने बदल होतात. त्या बदलांतून कोणाच्या पदरात काय पडलं, ते या छोट्या स्टेशनांवर अगदी स्वच्छ दिसतं.

आधी केळीबद्दल. रावेर तालुक्यात बाग कापायला आली की पहाटेपासून लगबग असते. घड खांद्यावर घेऊन मजूर बांधावर येतात. कापलेल्या दांड्यातून चीक गळतो आणि अंगावरच्या कपड्यांवर काळे डाग पाडतो. धुऊनही ते जात नाहीत. हा माल हिरवा कापायचा आणि हिरवाच पोचवायचा असतो. वाटेत एक घड पिकू लागला की शेजारचेही पिकू लागतात, आणि बाजारात पोचेपर्यंत भाव उतरलेला असतो. गिऱ्हाईक उत्तरेत, सुमारे हजार किलोमीटर दूर. त्यामुळे गाडी कधी मिळेल, किती वेळात पोचेल आणि भाडं किती पडेल, या तीन प्रश्नांवर इथल्या घरांचं वर्ष उभं असतं.

आता संकटाकडे येऊ. मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. रेल्वेचं प्रवासी उत्पन्न २०१९-२० मध्ये सुमारे ५० हजार कोटी रुपये होतं. पुढच्या वर्षी ते सुमारे १५ हजार कोटींवर आलं. मालवाहतूक मात्र टिकली, उलट किंचित वाढली. तरीही २०१९-२० मध्ये ९८.३६ असलेला ऑपरेटिंग रेशो २०२१-२२ मध्ये १०७.३९ झाला. शंभर रुपये मिळवायला एकशे सात रुपये खर्च. घर असं चालत नाही, तशी रेल्वेही चालत नाही. तेव्हा काहीतरी बदलणं भागच होतं, हे आधी मोकळ्या मनाने मान्य करू.

त्या काळात झालेला एक बदल आपल्या भागाला फार उपयोगी ठरला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. ती मनमाड, जळगाव, भुसावळ करत याच रुळावरून, रावेर ओलांडून पुढे गेली. ऑक्टोबर २०२० पासून फळं आणि भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. तो भार केंद्राचं अन्नप्रक्रिया मंत्रालय उचलत होतं. सावदा आणि रावेरहून केळीच्या गाड्या थेट दिल्लीच्या आदर्श नगर स्टेशनाकडे धावू लागल्या. आदर्श नगरच का? कारण आझादपूरची मंडी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मध्य रेल्वेची हजारावी किसान रेल ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सुटली, तीही सावद्याहून आणि केळी भरूनच. ओस पडलेल्या रुळांवर शेतमाल घातला, तर रेल्वेचं आणि शेतकऱ्याचं दोघांचंही भलं होतं, हे या गाड्यांनी दाखवून दिलं.

दुसऱ्या बाजूला काही गोष्टी काढून घेतल्या गेल्या. २० मार्च २०२० पासून ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली. साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के सूट मिळत असे. पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या ‘स्पेशल’ होऊन, एक्सप्रेसच्या दराने. किमान तिकीट १० रुपयांचं ३० झालं. भुसावळला दवाखान्यात किंवा कामावर जाणाऱ्या माणसाला तिप्पट तिकीट म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. साधे दर परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ज्येष्ठांची सवलत तर गाड्या पूर्ववत धावू लागल्यावरही परतली नाही.

रेल्वेची बाजूही ऐकली पाहिजे. प्रवासाच्या खर्चातला जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक भाग तिकिटातून निघतो, उरलेला तोटा मालभाड्यातून भरून काढावा लागतो, असं रेल्वे मंत्रालय सांगतं. हे खरंच आहे. माझा आक्षेप दर वाढवण्याला नाही, तो तारखांना आहे. केळीच्या भाड्यातल्या निम्म्या सवलतीला शेवटची तारीख होती : ३१ मार्च २०२२. प्रवाशावर टाकलेल्या भाराला मात्र तशी तारीख नव्हती. संकटात जे दिलं ते मुदतीचं ठरलं, आणि जे घेतलं ते बिनमुदतीचं.

मुदतीच्या सवलतीने शेती उभी राहत नाही, याचा हिशेब बागेतच मांडता येतो. जून-जुलैमध्ये लावलेली मृगबाग कापायला येते साधारण वर्षभराने. म्हणजे २०२१ च्या पावसाळ्यात, किसान रेल जोरात असताना, ज्याने रोपं लावली, त्याचे घड कापणीला आले तेव्हा ती सवलत संपलेली होती. पीक बारा महिन्यांचं असताना त्याची वाहतूक मार्चअखेरच्या हिशेबावर टांगलेली असेल, तर शेतकऱ्याने भरवसा कशावर ठेवायचा?

हा पेच नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर रेल्वे अशीच खिळखिळी झाली होती. पूल, रूळ, इंजिनं, वाघिणी, सगळ्यांच्या बदलाची वेळ कधीच उलटून गेली होती. १९२०-२१ मध्ये विल्यम ॲकवर्थ यांच्या समितीने या दुखण्याचं मूळ शोधलं. दरवर्षी सरकारी अंदाजपत्रकात जे उरेल ते रेल्वेला मिळे, आणि वर्ष संपलं की न खर्चलेला पैसाही बुडे. वर्षाच्या पलीकडचं काही ठरवताच येत नसे. त्यातून १९२४ मध्ये रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळा झाला आणि झीज भरून काढण्यासाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. पुढच्या दशकातल्या मंदीत याच निधीतून उसनवारी करावी लागली, तरी रेल्वे तगली. स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकाची ती प्रथा ९२ वर्षं चालली आणि २०१७ मध्ये संपली. सुधारणा संकटात झाली, पण म्हणून ती तात्पुरती ठरली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संकटात लोकांवर टाकलेल्या प्रत्येक भाराच्या आदेशावर फेरविचाराची तारीख छापलेली असावी. आणि शेतमालाच्या गाडीसारखी जी सुधारणा उपयोगी ठरली, तिला किमान पिकाच्या दोन फेऱ्यांइतकी हमी मिळावी : गाडी किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या भाड्याने. रावेरचा शेतकरी फुकट काही मागत नाही. पुढच्या वर्षी घड कापायला घेईल तेव्हा फलाटावर गाडी असेल की नाही, एवढं त्याला लावणीच्या वेळी कळायला हवं.

पुढच्या लेखांकात कोकणात जाऊ. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि वर्षभरातच देशावर सोनं गहाण टाकायची वेळ आली. तरीही रोख्यांतून पैसा उभा करत तो मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. लांबच्या मुदतीचा विचार संकटातही कसा करता येतो, ते तिथे पाहू.