सिडनीहून: ज्या जाहिरातीनं ऑस्ट्रेलिया घाबरला

इथल्या पन्नाशीतल्या कुठल्याही माणसापाशी एचआयव्हीचा विषय काढा, त्याला आधी एक जाहिरात आठवते. ५ एप्रिल १९८७ रोजी ती पहिल्यांदा टीव्हीवर आली. धुकट उजेडातली बोलिंगची लेन. पलीकडच्या टोकाला पिनांच्या जागी माणसं उभी केलेली: पुरुष, बायका, रडवेली लहान मुलगी, बाळाला उराशी धरलेली आई. अलीकडे काळा झगा घातलेला हाडांचा सापळा. आपल्याकडे यमाला रेडा आणि पाश, तसा युरोपातल्या मृत्यूला झगा आणि लांब दांड्याचा विळा. तो जड चेंडू सोडतो, माणसं कोलमडतात, आईच्या हातून बाळ उडतं. मेलेल्यांना यंत्र लोटून नेतं आणि नवी माणसं खाली उतरवतं. शेवटी दिसतं की शेजारच्या लेनमध्येही असेच सापळे चेंडू टाकताहेत. निवेदक बजावतो, एकच खात्रीचा जोडीदार ठेवा, नाहीतर कंडोम वापरा, नेहमी.

‘ग्रिम रीपर’ या नावानं ती ओळखली जाते. सहा आठवडे चालवायची ठरलेली ही मोहीम तीन आठवड्यांतच थांबवली गेली. तेवढ्यातच सारा देश हादरला होता. मुलं रात्री झोपेनात म्हणून आईबाप संतापले, दूरध्वनीवरच्या मदतसेवा फोनांनी तुंबल्या. चाचणीसाठी रांगा लागल्या आणि त्या रांगांत मुळीच धोका नसलेली माणसंही भीतीपोटी येऊन उभी राहिली.

एवढी धास्ती घालावी असं सरकारला का वाटलं? ऑस्ट्रेलियातला पहिला एड्सचा रुग्ण १९८२ मध्ये सिडनीत आढळला. पुढची काही वर्षं सर्वसामान्यांचा समज असा की हा आजार समलिंगी पुरुषांचा आणि सुईनं नशा करणाऱ्यांचा आहे, आपल्याला त्याचं काय! आणि या ‘आपल्याला काय’च्या जोडीला विलक्षण भित्रा दुष्टपणाही होता. रक्त चढवल्यामुळे बाधा झालेल्या एका चिमुरडीला सिडनीच्या उत्तरेकडच्या गावात बालवाडीत येऊ द्यायला पालक तयार नव्हते. १९८६ मध्ये ते कुटुंब देश सोडून न्यूझीलंडला गेलं. तेव्हाचे आरोग्यमंत्री नील ब्लूएट यांनी एड्सविषयी सल्ला देणारी राष्ट्रीय समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी डॉक्टरऐवजी आयटा बट्रोझ यांना बसवलं. बायकांच्या लोकप्रिय मासिकांच्या या संपादिका घरोघरी ठाऊक होत्या. धोका सगळ्यांना आहे हे एकदा घराघरात पोचवायचं, असा समितीचा हेतू होता. ते काम सिमन रेनल्ड्स या विशीतल्या जाहिरातकारानं केलं.

धोका पोचला, यात शंका नाही. पण भीती एकदा सोडली की ती कोणाच्या दारात जाऊन बसेल हे सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही. इथे ती नेमकी आजाऱ्यांच्याच दारात जाऊन बसली. देशातला पहिला रुग्ण ज्यांनी ओळखला ते डॉ. रॉन पेनी स्वतः या समितीत होते. पुढे त्यांनीच खंतावून सांगितलं की लोकांनी त्या सापळ्यालाच समलिंगी पुरुष समजून घेतलं. जाहिरातीतला मारणारा म्हणजे मृत्यू. पाहणाऱ्यांना तो शेजारच्या घरातला तरुण वाटू लागला. ज्यांचे मित्र त्या वर्षी मरत होते, त्यांच्याकडेच खुनी म्हणून बोट दाखवलं गेलं. मला या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत क्रूर गोष्ट वाटते. मुंबईकरांना बलबीर पाशा आठवत असेल. ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ असं विचारणारे ते फलक २००२-०३ मध्ये रस्तोरस्ती होते. ते विनोदी होते, भीतीदायक नव्हते, आणि त्यांनी लोकांना बोलतं केलं. तरी त्यातल्या मंजुळेकडे, म्हणजे वेश्याव्यवसायातल्या बाईकडेच रोगाचं मूळ म्हणून बोट जातं, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता.

रीपरमुळे ऑस्ट्रेलिया वाचला असं इथे पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. त्या धास्तीमुळे पैसा आणि राजकीय पाठबळ मिळणं सोपं झालं, हे खरं. पण प्रत्यक्ष काम सुरू झालं होतं त्याआधीच. सिडनीच्या डार्लिंगहर्स्ट भागात डॉ. अॅलेक्स वोडाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच, कायदा मोडून, नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया द्यायला सुरुवात केली. समलिंगी पुरुषांच्या संघटना आपापल्या बारमध्ये, आपल्या भाषेत पत्रकं वाटत होत्या. त्यांना सरकारनं पैसे दिले आणि मजकूर त्यांच्यावर सोडला, हे या देशाचं खरं शहाणपण.

हे शहाणपण सगळीकडे नव्हतं. ऑस्ट्रेलियात आरोग्याचा बराच कारभार राज्यांकडे असतो, आणि क्वीन्सलँडमध्ये तेव्हा ब्येल्की-पीटरसन यांचं कडवं सनातनी सरकार होतं. समलिंगी संबंध तिथे १९९० पर्यंत गुन्हा होते. रीपरच्याच वर्षी, १९८७ मध्ये, तिथल्या पोलिसांनी विद्यापीठांच्या आवारातली कंडोमची यंत्रं उचलून नेली. एड्सवर काम करणाऱ्या क्वीन्सलँड एड्स कौन्सिलला केंद्राचा पैसा पोचू द्यायला राज्य सरकार तयार नव्हतं. तेव्हा वाट काढून दिली ती कॅथलिक धर्मभगिनींनी. ब्रिस्बेनच्या मेटर रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या सिस्टर अँजेला मेरी डॉयल आणि त्यांच्या ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ संघानं केंद्राचा पैसा आपल्या नावावर घेतला आणि गाजावाजा न करता कौन्सिलकडे पोचता केला. ज्या चर्चला कंडोम मान्य नाही, त्याच चर्चच्या या बाया. मरणारा माणूस समोर आल्यावर त्यांनी आधी माणूस पाहिला.

त्याच कौन्सिलनं, नाव बदलून, २०११ मध्ये ब्रिस्बेनच्या बसथांब्यांवर एक जाहिरात लावली. दोन पुरुष, पूर्ण कपड्यांत, एकमेकांना मिठी मारून उभे, आणि एकाच्या हातात कंडोमचं पाकीट. ना सापळा, ना मरण. तरी तक्रारी गेल्या आणि थांब्यांचं कंत्राट असलेल्या अॅडशेल कंपनीनं फलक उतरवले. मग जे झालं त्याची १९८७ मध्ये कोणी कल्पनाही केली नसती. फेसबुकवर हजारो लोक एका रात्रीत उभे राहिले, कंपनीच्या कचेरीबाहेर निदर्शनं झाली आणि दुसऱ्याच दिवशी फलक परत लागले. तक्रारी एका ख्रिस्ती दबावगटानं ठरवून करवल्या होत्या, हे आपल्या लक्षात आलं नव्हतं, असं कंपनीनं कबूल केलं. चोवीस वर्षांत एवढा बदल जाहिरातींनी घडला नाही. तो घडला कारण मधल्या काळात असंख्य घरांत मुलं आईबापांशी उघड बोलली आणि असंख्य आईबाप मुलांच्या उशाशी बसले.

आता सिडनीतल्या फलकांवर मरणाचं चित्र नाही. २०१३ पासूनच्या मोहिमेचा सूर सरळ आहे: चाचणी करा, बाधा असेल तर लवकर औषध सुरू करा, काळजी घ्या. औषधानं विषाणू चाचणीत दिसेनासा झालेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून बाधा पसरत नाही, हेही आता फलकावर लिहिलेलं असतं. बाधा होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी एप्रिल २०१८ पासून सरकारी सवलतीत मिळू लागली. मध्य सिडनीतल्या समलिंगी पुरुषांमधली नवी बाधा २०१० ते २०२२ या काळात ८८ टक्क्यांनी घटली. २०२३ मध्ये ब्रिस्बेनला भरलेल्या एचआयव्हीविषयक परिषदेत हा आकडा जाहीर झाला.

ही घट सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. परदेशात जन्मून इथे आलेल्या पुरुषांमध्ये ती फार हळू आहे, आणि त्यांत पदव्या घ्यायला आलेली आपली मुलंही आली. या मुलांपैकी बहुतेकांकडे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड नसतं, डॉक्टरकडे गेलं तर व्हिसा जाईल अशी धास्ती असते, आणि घरी कळेल ही त्याहून मोठी. त्यांना कोणत्याही जाहिरातीपेक्षा एक साधी माहिती उपयोगी आहे. न्यू साउथ वेल्समध्ये चाचणीचा संच टपालानं फुकट घरी येतो, त्यासाठी मेडिकेअर लागत नाही. बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब कार्डावर टेकवायचे आणि पाकीट पोस्टात टाकायचं. निकाल फोनवर, एसएमएसनं किंवा ईमेलनं कळतो.