लोकसभाध्यक्षांचा आठवडा

लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील 1991 ते 1996 या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते. अधिवेशनाच्या आठवड्यात अध्यक्षांचा दिवस अकराच्या प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होई. बाराला शून्य प्रहर, मग विधेयके आणि चर्चा. शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी राखीव. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा, हे त्यांच्याच अध्यक्षतेखालील कामकाज सल्लागार समिती सुचवी. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतात.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम 1993चे. खात्यांशी निगडित 17 स्थायी समित्या सुरू झाल्या. प्रत्येकीत तेव्हा लोकसभेचे 30 आणि राज्यसभेचे 15 सदस्य होते. अर्थसंकल्पातील मागण्यांची बारकाईने छाननी भर सभागृहात होणे अवघडच. ती येथे होऊ लागली, म्हणून या सुधारणेचे मोल मोठे. डिसेंबर 1994 पासून प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवरही दिसू लागला.

याच पाच वर्षांत केंद्रीय गृहमंत्रिपद शेजारच्या नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे होते. गृहखात्यावरील प्रश्नांना सभागृहात उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्या खात्याची असे.